कॉफीच्या कृती आणि दुकानदाराचे कर्तव्य

लालबर्र्यासारख्या आपल्या गावी चहा नित्याचा. कॉफी बहुधा पाहुण्यांसाठी होते. ती बिघडली म्हणजे बोल दुकानदारास लागतो. वास्तविक दोष पुष्कळदा मालाचा नसून कृतीचा असतो.

भाजलेल्या कॉफीतील सुगंध गरम पाण्यात लवकर उतरतो, कडवटपणा मागाहून. म्हणून पूड बारीक असेल तर ती पाण्यात थोडा वेळ ठेवावी, जाडसर असेल तर अधिक. हे एक तत्त्व ध्यानात ठेवले की सर्व कृती उलगडतात.

आपल्या घरची रीत म्हणजे उकळत्या पाण्यात पूड व साखर घालून, दूध मिसळून वर जायफळ किसणे. यात पूड फार उकळू न देणे हेच मर्म. जबलपूरच्या इंडियन कॉफी हाउसात जाऊन आलेल्यांस दाक्षिणात्य चव ठाऊक आहेच. त्या कॉफीसाठी दुमजली भांडे लागते. वरच्या सच्छिद्र भांड्यात पूड हलकेच दाबून उकळते पाणी ओतावे. पंधरा-वीस मिनिटांत खाली दाट अर्क उतरतो. तो कढत दुधात मिसळावा. जर्मनीतील मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ साली टीपकागदाची गाळणी काढली. तीतून कॉफी निवळ उतरते. एस्प्रेसो यंत्रात अतिबारीक पुडीतून पाणी दाबाने अर्ध्या मिनिटात निघते. झटपट कॉफी म्हणजे आधीच काढून वाळविलेला अर्क. ती नुसती विरघळवावी.

आता व्यापारी बंधूंस एक विनंती. पुष्कळ पुड्यांत चिकोरी असते. तिने रंग व दाटपणा येतो. पण ती कॉफी नव्हे, एका वनस्पतीचे भाजलेले मूळ आहे. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते व दोहोंचे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. आपल्यापैकी अनेक घरांत कंदमूळ वर्ज्य आहे. सुंठ-हळदीप्रमाणे वाळलेले मूळ चालते की नाही, हे ज्याने त्याने आपल्या नियमाप्रमाणे ठरवावे. परंतु पुडीत काय आहे हे कळल्यावाचून ठरविणार कसे? सुट्या पुडीची परीक्षा घरीही होते. थंड पाण्याच्या पेल्यात चिमूटभर पूड टाकावी. कॉफी तरंगते, चिकोरी तळाशी जाताना रंगाची रेघ सोडते.

तेव्हा ग्राहकास भांडे कोणते हे विचारून पूड द्यावी, आणि मिश्रण असेल तर न विचारताही सांगावे. एका पुडीचा नफा क्षणाचा. खरे बोलण्याने जोडलेले गिऱ्हाईक पिढ्यांचे असते.