पेन ड्राइव्ह संगणकास दिसेनासा झाल्यास काय करावे?

कोल्हापूर जिल्ह्यातील खेड्यांत संगणकाचा प्रवेश होऊन पाव शतक उलटले आहे. वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प १९९८ साली हाती घेण्यात आला. उसासंबंधीची माहिती शेतकऱ्यास गावातच मिळावी, हा त्याचा एक हेतू होता. पुढे दूध संस्था, विकास सेवा संस्था व ग्रामपंचायती यांच्या कचेऱ्यांतही संगणक आले आणि नोंदींची ने-आण करण्यासाठी पेन ड्राइव्ह हे बोटाएवढे साधन रूढ झाले.

संस्थेच्या दूध संकलनाच्या नोंदी एकाच पेन ड्राइव्हमध्ये असाव्यात आणि नेमका बिलाच्या दिवशी संगणकाने तो ओळखू नये, असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. अशा वेळी कित्येकदा पडद्यावर ‘फॉरमॅट करावयाचे काय?’ असा प्रश्न उमटतो व घाईघाईने होकार दिला जातो. बिघाडापेक्षा या होकारानेच अधिक हानी होते. यास्तव पुढील गोष्टी क्रमाने तपासणे हितावह आहे.

बिघाड कोठे असू शकतो?

पेन ड्राइव्ह जोडताच तीन गोष्टी घडतात. प्रथम संगणकाकडून त्यास वीज मिळते. नंतर संगणक ते साधन ओळखतो. शेवटी तो त्यातील फाइलींची अनुक्रमणिका वाचून त्यास एक अक्षर देतो व मगच फाइली दिसू लागतात. या तिहींपैकी एक पायरी चुकली तरी पेन ड्राइव्ह दिसत नाही. मात्र अनुक्रमणिका फाटली म्हणजे सारे दप्तर जळाले असे नव्हे. फाइली बहुधा जागच्या जागी शाबूत असतात.

पहिली तपासणी : बाहेरील

विहिरीवरील पंप सुरू झाला नाही तर शेतकरी लगेच मोटार खोलीत नाही; आधी वीज, फ्यूज व वायर पाहतो. येथेही तसेच करावे.

१. पेन ड्राइव्हच्या तोंडावरील धूळ कोरड्या, मऊ ब्रशाने झाडावी. टोकदार वस्तू आत घालू नये.

२. जोडवायर किंवा हब मध्ये न घेता तो थेट संगणकाच्या दुसऱ्या पोर्टमध्ये, शक्यतो मागील बाजूच्या, लावून पाहावा.

३. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा.

४. दुसऱ्या संगणकावर तो लावून पाहावा. तेथे दिसल्यास दोष पहिल्या संगणकाचा आहे, असे समजावे व फाइलींची प्रत तत्काळ काढून घ्यावी.

दुसरी तपासणी : संगणकातील

विंडोज असलेल्या संगणकावर ‘स्टार्ट’वर माउसचे उजवे बटण दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. तेथे पुढीलपैकी एक स्थिती आढळेल.

पेन ड्राइव्ह आहे, पण त्यास अक्षर नाही : ‘चेंज ड्राइव्ह लेटर’ या आज्ञेने मोकळे अक्षर द्यावे. याने आतील फाइलींस धक्का लागत नाही.

आकार बरोबर दिसतो, पण पुढे ‘रॉ’ किंवा ‘अनअलोकेटेड’ असे लिहिले आहे : अनुक्रमणिका बिघडली आहे. ‘फॉरमॅट’ अथवा ‘इनिशिअलाइज’ या सूचनांस नकार द्यावा. टेस्टडिस्क व फोटोरेक या विनामूल्य साधनांनी फाइली परत मिळविता येतात. मात्र मिळालेल्या फाइली त्याच पेन ड्राइव्हवर न ठेवता दुसऱ्या डिस्कवर ठेवाव्यात. दुरुस्तीच्या आज्ञा त्यानंतरच द्याव्यात, कारण त्या मूळ नोंदींत फेरफार करतात.

‘नो मीडिया’ असे दिसते, किंवा कोणत्याही संगणकावर काहीच दिसत नाही : दोष बहुधा आतील भागांत आहे. वारंवार लावून-काढून पाहू नये. नोंदी मोलाच्या असल्यास जाणत्या तंत्रज्ञाकडे द्यावा.

पेन ड्राइव्ह उघडतो, पण फाइलींऐवजी केवळ शॉर्टकट दिसतात : हे व्हायरसचे लक्षण आहे. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नये. अँटिव्हायरसने तपासणी करावी. मूळ फाइली बहुधा केवळ लपविलेल्या असतात.

कधी संगणकास पेन ड्राइव्ह दिसतो, पण संकलन यंत्रास दिसत नाही. अशी पुष्कळ यंत्रे ‘फॅट ३२’ या रचनेचाच पेन ड्राइव्ह वाचतात, आणि ३२ जीबीहून मोठे पेन ड्राइव्ह अनेकदा वेगळ्या रचनेचे असतात. अशा यंत्रासाठी लहान क्षमतेचा स्वतंत्र पेन ड्राइव्ह राखून ठेवावा.

पुरात भिजलेला पेन ड्राइव्ह

ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मधील महापुरांत जिल्ह्यातील अनेक गावांत पाणी शिरले. पेन ड्राइव्हमधील नोंदी केवळ पाण्याने पुसल्या जात नाहीत. ओल्या स्थितीत वीज मिळाल्यास मात्र तो जळू शकतो. म्हणून भिजलेला पेन ड्राइव्ह लगेच लावू नये. चिखल असल्यास बॅटरीत घालण्याच्या शुद्ध पाण्याने अलगद धुऊन तो हवेशीर सावलीत काही दिवस पूर्ण वाळू द्यावा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये. एकदा चालू झाला की प्रथम प्रत काढावी.

बिघाड टाळण्याचे उपाय

फाइल उतरविणे चालू असता पेन ड्राइव्ह ओढून काढल्यास किंवा वीज गेल्यास अनुक्रमणिका अर्धवट राहते. म्हणून ‘इजेक्ट’ करूनच तो काढावा आणि संगणकास यूपीएस जोडावा. फार स्वस्त पेन ड्राइव्ह घेऊ नये. काहींची खरी क्षमता छापलेल्या क्षमतेहून पुष्कळ कमी असते व जादा भरलेल्या फाइली नष्ट होतात.

पेन ड्राइव्ह हे ने-आण करण्याचे साधन आहे, साठवणीचे कोठार नव्हे. शहाणा शेतकरी सारे बियाणे एकाच कणगीत ठेवीत नाही. त्याचप्रमाणे प्रत्येक नोंदीची एक प्रत संगणकात व दुसरी वेगळ्या डिस्कवर, पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी. प्रत्येक बिलानंतर ही प्रत काढण्याचा नियम संस्थेने घालून घ्यावा. तो पाळला गेल्यास पेन ड्राइव्ह बिघडला तरी सभासदांच्या दुधाचा हिशेब अडणार नाही.