रात्रीच्या वेळेवर हक्क कोणाचा?

दुकान किती वाजता उघडावे व किती वाजता मिटावे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक दिसतो. परंतु त्या दुकानात मद्य मिळत असेल, तर तो दुकानदार आणि गिऱ्हाईक ह्या दोघांपुरता राहत नाही. भिंतीला भिंत लावून राहणारा शेजारी हा त्या व्यवहारातील तिसरा पक्ष होय. नफ्यात त्याचा वाटा नसतो, उपद्रवात मात्र असतो. ह्या तिसऱ्या पक्षाला आपल्या कायद्यात स्थान किती, हे पाहण्याची वेळ आली आहे.

निमित्त दोन शासकीय निर्णयांचे आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने किमान १०० चौरस मीटरच्या सुपरमार्केटमध्ये स्वतंत्र कपाटातून वाइन विकण्यास मान्यता दिली. द्राक्ष बागायतदारांचे हित हे त्याचे कारण सांगण्यात आले. त्यावर मोठे वादळ उठले, श्री. अण्णा हजारे ह्यांनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने नागरिकांच्या हरकती मागविल्या आणि निर्णय कागदावरच राहिला. दुसरा निर्णय ऑक्टोबर २०२५ मधला. त्याने राज्यातील दुकानांना चोवीस तास उघडे राहण्याची मोकळीक दिली. मद्याची दुकाने मात्र त्यातून वगळली. आज हे दोन निर्णय परस्परांपासून दूर आहेत. उद्या ते एकाच छपराखाली आले, तर काय होईल?

सिंधुदुर्गातील नांदगावचे उदाहरण घेऊ. मुंबई-गोवा महामार्गावरचा हा तिठा. देवगडकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. अशा ठिकाणी रात्रभर उघडे राहणारे मोठे दुकान निघाले, तर प्रवाशाची सोय होईल, गावातील चार मुलांना काम मिळेल. त्यास कोणी हरकत घेणार नाही. पण त्याच दुकानात एक कपाट बाटल्यांचे असले आणि त्याचीही वेळ वाढली, तर रात्री अकरानंतर तेथे येणारे गिऱ्हाईक तेल-मीठ घेण्यास येणार नाही. थांबलेल्या गाड्या, चढलेले आवाज आणि फुटलेल्या काचा ह्यांचा हिशेब दुकानाच्या वहीत लिहिला जात नाही. तो मागच्या घरातल्या माणसांना जागून चुकवावा लागतो.

गोव्यात किराण्याच्या मोठ्या दुकानांतून मद्य मिळतेच, मग आपल्याकडे अडचण कसली, असा प्रश्न विचारला जाईल. गोव्याचे कर निराळे, तेथील पर्यटनाची घडी निराळी. त्या स्वस्त मद्याची चोरटी वाहतूक रोखण्यासाठी इन्सुलीच्या नाक्यावर आपल्या उत्पादनशुल्क खात्याला पहारा ठेवावा लागतो, हे ह्या जिल्ह्याला सांगावयास नको. शेजाऱ्याचे अनुकरण करताना त्याचा हिशेबही तपासावा लागतो.

आपला कायदा अंतर मोजतो. शाळेपासून व देवळापासून मद्याचे दुकान किती दूर असावे, ह्याचे नियम आहेत. पण रात्री शाळाही मिटलेली असते आणि देऊळही. जागा असतो तो शेजारी. त्याच्या हाती २००८ च्या आदेशाने एक शस्त्र दिले आहे. किमान पंचवीस टक्के मतदारांनी, अथवा तितक्या महिला मतदारांनी, मागणी केली की गुप्त मतदान होते आणि निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होते. ग्रामीण महिलांनी हे शस्त्र धैर्याने वापरले आहे. मार्च २०२५ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी विधानसभेत आणखी एक घोषणा केली. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात बिअर वा मद्याचे नवे दुकान काढण्यास संस्थेचे ना-हरकत पत्र लागेल. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु दोन्ही प्रश्न दुकान असावे की नसावे, एवढाच विचारतात. दुकान राहू द्या, पण रात्री नऊला मिटवा, असे म्हणणाऱ्या समंजस नागरिकासाठी मतपत्रिकेवर जागा नाही. नाताळात व वर्षअखेरीस सरकारी आदेशाने मद्यविक्रीची वेळ वाढते, तेव्हाही ज्या आळीत ती वाढते तिला कोणी विचारीत नाही.

आम्ही सक्तीच्या दारूबंदीचे पुरस्कर्ते नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली आलेली बंदी २०२१ मध्ये उठवावी लागली, हा अनुभव ताजा आहे. प्रौढ माणसाने काय प्यावे हे त्याने ठरवावे. परंतु मद्याचा व्यापार हा इतर व्यापारासारखा मूलभूत हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली स्पष्ट केले आहे. जी गोष्ट हक्क नसून सवलत आहे, ती वाढविताना ज्यांना झळ लागणार त्यांना विचारणे हा जुलूम नव्हे.

जगात हे घडते. नॉर्वेमध्ये दुकानातील बिअरची विक्री एरवी रात्री आठला व शनिवारी सायंकाळी सहाला थांबवावी लागते. इंग्लंडने २००५ पासून चोवीस तासांच्या विक्रीचीही वाट मोकळी केली. पण वेळ वाढविण्याचा अर्ज करणाऱ्याला २८ दिवस दारावर सूचना लावावी लागते आणि शेजाऱ्याची हरकत आली तर सुनावणी होते. एक देश कडक, दुसरा सैल; परंतु सैल देशानेही शेजाऱ्याला दाराबाहेर ठेवलेले नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मद्यविक्रीची वेळ वाढविण्यापूर्वी त्या जागी जाहीर सूचना लागावी, ग्रामसभेत वा प्रभागात सुनावणी व्हावी आणि आलेल्या प्रत्येक हरकतीला कारणांसह लेखी उत्तर मिळावे. हरकती मागवावयाच्या आणि त्या फायलीत निजवावयाच्या, ही रीत लोकशाहीला शोभत नाही. नागरिकाची झोप हे काही सरकारच्या महसुलाचे साधन नव्हे.