बिनरंगी सलाईनचा हिशेब

किमोच्या वॉर्डात सगळ्यांना धसका असतो तो लाल औषधाचा. स्तनाच्या कॅन्सरच्या नेहमीच्या उपचारात त्या लाल डॉक्सोरुबिसिनमागोमाग जी बिनरंगी सलाईन लागते, तिच्याकडे कुणी फारसं पाहत नाही. तिच्यात सायक्लोफॉस्फामाइड असतं. ते पेशीच्या डीएनएला चिकटून त्याचे धागे एकमेकांत अडकवतं आणि पेशीचं वाढणं थांबवतं. मात्र कॅन्सरची पेशी कोणती आणि रक्त तयार करणारी कोणती, हा भेद त्याला कळत नाही.

म्हणून डोस नेमका मोजावा लागतो, आणि सुरुवात होते वजनकाट्यापासून. समजा, उंची १५० सेंटिमीटर आणि वजन ५४ किलो. तर शरीराचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर भरतं. चौरस मीटरला ६०० मिलिग्रॅम धरले की डोस ९००. सिस्टर हातमोज्यांच्या दोन जोड्या चढवून, खास कपाटात काचेआड पांढरी पूड विरघळवते. मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, म्हणजे सिरिंजमध्ये ४५ मिलिलिटर. हाच हिशेब दुसरी सिस्टर पुन्हा, स्वतंत्रपणे करते.

त्यामागे कारण आहे. १९९४ मध्ये बॉस्टनच्या डाना-फार्बर या नामांकित संस्थेत आरोग्यविषयक पत्रकार बेट्सी लेहमन यांना चार दिवसांत मिळून द्यायचा याच औषधाचा डोस चारही दिवस रोज दिला गेला. त्यातच त्या गेल्या, आणि चूक उघड व्हायला पुढचं वर्ष उजाडलं.

वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड-मानोऱ्याकडच्या बाईला किमोसाठी अकोला किंवा नागपूर गाठायचं तर एसटीचा प्रवास चुकत नाही, आणि तिथेच या औषधाची आणखी एक अडचण येते. यकृतात या औषधाचं रूपांतर होताना तयार होणारं अ‍ॅक्रोलीन मूत्राशयात साचतं आणि आतलं अस्तर जाळतं. मोठ्या डोसला त्यावर मेस्ना हे औषध देतात. नेहमीच्या डोसला भरपूर पाणी आणि वरचेवर लघवी हाच उपाय. नेमकं प्रवासात बायका पाणी टाळतात. “मावशी, वाटेत अडचण होईल म्हणून तहान मारू नका. स्टँडवर उतरा, पण पाणी प्या,” हे सिस्टरला बजावून सांगावं लागतं. दोन दिवस लघवीतून औषध बाहेर पडत राहतं; तेव्हा संडासात दोनदा पाणी ओतायचं, खराब झालेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवायचे.

साधारण आठव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे त्याच दिवशी दवाखाना. पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहणं जिवावर बेततं. त्यामुळे घरात थर्मामीटर हवाच.

पुढची तारीख २१ दिवसांनी. पेशी भरल्या नसतील तर ती पुढे ढकलतात आणि हेलपाटा वाया जातो. तो वाचवायचा तर डॉक्टरांना विचारून आदल्या दिवशी वाशीमलाच रक्त तपासायचं आणि रिपोर्ट मोबाइलवर पाठवून, होकार आल्यावरच निघायचं.