दिव्याचा कान पिळला की…

आपल्या घरांत उजेडाच्या दोनच तऱ्हा: लख्ख, नाहीतर गुडुप. मधलं काही हवं असेल तर झिरोचा बल्ब. तोही झोपायच्या खोलीत, आणि शक्यतो हिरवा. पाहुणे गप्पा मारत बसले काय, बाळ पेंगायला लागलं काय किंवा टीव्हीवर सिनेमा लागला काय, डोक्यावर पांढराशुभ्र दिवा जळतच असतो. यावरचा उपाय आगपेटीहून थोडा मोठा आहे. प्लगला लागणारा डिमर सॉकेटमध्ये खोचायचा, टेबललॅम्पचा प्लग त्याच्यात खोचायचा आणि वायरवरची सरकपट्टी हाताशी ठेवायची. भिंत फोडायला नको, वायरमनची वाट पाहायला नको, भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारायलाही नको. एवढ्याशा डबीत गमती मात्र पुष्कळ भरल्या आहेत.

झिरो नव्हे, पंधरा

आधी झिरोच्या बल्बचीच भानगड. जुना तारेचा ‘झिरो वॅट’ बल्ब 10 ते 15 वॅट वीज खायचा. इतक्या कमी विजेला जुन्या मीटरची चकती दाद द्यायची नाही, म्हणून तो ‘झिरो’, असं सांगतात. आजचा एलईडी बल्ब 9 वॅटमध्ये अख्खी खोली उजळतो. म्हणजे रात्रभर अंधुक जळणारा तो हिरवा बल्ब याच्यापेक्षा खादाड होता.

सेकंदाला शंभर वेळा

सरकपट्टी खाली ओढली की नळ बारीक केल्यासारखी वीज कमी होत असेल, असं वाटतं. तसं काही होत नाही. डिमर दिवा चक्क बंद करतो आणि पुन्हा लावतो, सेकंदाला शंभर वेळा.

आपली वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची. प्रवाह सेकंदात पन्नास वेळा उलटसुलट फिरतो आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा शून्यावर येतो. दोन शून्यांमधलं अंतर 10 मिलिसेकंद. डिमरमधला ट्रायॅक नावाचा नखाएवढा भाग प्रत्येक शून्यानंतर वीज अडवून धरतो आणि थोड्या वेळाने सोडतो. एक मिलिसेकंद अडवली तर दिवा जवळपास पूर्ण तेजात असतो. सात-आठ मिलिसेकंद अडवली तर जेमतेम मिणमिणतो. तुमचं बोट सरकपट्टीवर फिरतं तेव्हा बदलतो तो फक्त हा अडवायचा वेळ.

तारेच्या बल्बला या उघडझापीचा पत्ताही लागत नाही, कारण तापलेली तार काही मिलिसेकंदांत थंड होत नाही. एलईडीचं तसं नाही. स्वस्तातला एलईडी मंद केला की खरोखर लुकलुकतो. पडताळून पाहायचं असेल तर मंद केलेल्या लॅम्पखाली पेन भराभर हलवून बघा. एका पेनाऐवजी पंख्यासारखी पसरलेली पाच-सहा पेनं दिसली, तर बल्ब लुकलुकतोय. फोनचा स्लो-मोशन कॅमेरा तर लगेच चुगली करतो.

अडवलेली वीज एकदम सुटते, त्या धक्क्याने बल्बची तार थरथरते आणि बारीक गुणगुण ऐकू येते. शेजारी मीडियम वेव्हचा रेडिओ असेल तर बातम्यांवर खरखर चढते. चांगल्या डिमरमध्ये हे आवरायला तारेचं एक वेटोळं बसवलेलं असतं. स्वस्त डिमर स्वस्त का असतो, तर बहुधा ते वेटोळं गाळलेलं असतं.

निम्मा उजेड म्हणजे नक्की किती?

प्रकाश मोजायच्या यंत्राला विचाराल तर उत्तर एक, डोळ्याला विचाराल तर दुसरंच. यंत्राच्या हिशेबाने उजेड एक चतुर्थांशावर आणला, तरी आपल्याला तो निम्माच झाल्यासारखा वाटतो. दहा टक्क्यांवर आणला तर तिसरा हिस्सा उरल्यासारखा वाटतो. अंधार पडू लागला की बाहुली मोठी होते आणि डोळा सांभाळून घेतो. म्हणून दिवा ‘थोडासा’ मंद करायला सरकपट्टी पुष्कळ खाली आणावी लागते.

बिलाचं गणित तिसरंच. तारेच्या बल्बचा उजेड निम्मा केला, तर वीज निम्मी लागत नाही. ती सत्तर टक्क्यांच्या आसपास लागतच राहते. मंदावलेली तार उजेड कमी आणि उष्णताच जास्त देते. तेव्हा बिल वाचवायला डिमर घेत असाल तर राहू द्या, एलईडी घ्या. डिमर घ्यायचा तो डोळ्यांच्या सुखासाठी.

मिठाचं पाणी आणि दिवे

डिमरचं माहेर घरात नाही, नाटकात आहे. लंडनचं सॅव्हॉय थिएटर 1881 साली संपूर्ण विजेच्या दिव्यांनी उजळलं. जोसेफ स्वानचे बाराशेच्या आसपास दिवे तिथे होते. प्रेक्षकांना विजेची धास्ती. म्हणून मालक रिचर्ड डॉयली कार्ट रंगमंचावर आला आणि पेटता बल्ब कापडात गुंडाळून त्याने सर्वांदेखत फोडला. काही पेटलं नाही आणि टाळ्या पडल्या.

पण नाटकाला दिवे नुसते लागून भागत नाही, मावळावेही लागतात. त्या काळी अनेक थिएटरांत यासाठी मिठाच्या पाण्याचे डिमर होते. मातीच्या नळकांड्यात खारं पाणी, तळाशी धातूची एक पट्टी आणि वरून दोरीने खाली-वर होणारी दुसरी. पट्ट्या जवळ आल्या की दिवे प्रखर, लांब गेल्या की मंद. पाणी तापायचं, त्याची वाफ व्हायची, आणि कुणीतरी अधूनमधून ते भरत राहायचं. नायिकेचा विरह विंगेत अक्षरशः उकळत असे! पुढे तारांचे रोधक आले. तेही तापायचे आणि आगी लागायच्या. ग्रॅनव्हिल वुड्स या कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधकाने 1896 साली थिएटरसाठी सुरक्षित डिमरचं पेटंट घेतलं.

आपल्याकडे तिसरी घंटा झाली की प्रेक्षागृह हळूहळू काळोखात जातं, तीही डिमरचीच करणी. या खेळातले आपल्या देशातले वस्ताद म्हणजे तापस सेन. कोलकात्याच्या ‘अंगार’ नाटकात, 1959 साली, त्यांनी कोळशाच्या खाणीत पाणी शिरताना दाखवलं, तेही पाण्याचा थेंब न सांडता, निव्वळ प्रकाशाच्या जोरावर.

बॉम्बची कळ, दिव्याला

त्याच 1959 साली न्यूयॉर्कमध्ये जोएल स्पायरा नावाचा तरुण आपल्या फ्लॅटच्या एका खोलीत खटपट करत होता. नोकरी होती संरक्षण खात्याची कामं करणाऱ्या कंपनीत. तिथे अणुबॉम्बच्या कळीवर काम करताना त्याच्या हाती थायरिस्टर आला, म्हणजे ट्रायॅकचा थोरला भाऊ. वीज क्षणात सोडणारा आणि स्वतः फारसा न तापणारा. हाच भाग दिव्याला लावला तर? त्याआधी घरात डिमर हवा असेल तर अवजड, तापणारं आणि महागडं धूड बसवावं लागे. ते श्रीमंतांचं काम. स्पायराने ते भिंतीतल्या स्विचच्या डबीत मावेल एवढं केलं आणि 1961 साली पत्नी रूथसह लुट्रॉन कंपनी काढली. त्याच्या सुरुवातीच्या कामाचे नमुने आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. बॉम्बसाठी निघालेली कळ दिवाणखान्यात रमली, हे बरंच झालं म्हणायचं.

डिमर तुमच्या घरी आहेच

विश्वास बसत नसेल तर पंख्याच्या रेग्युलेटरकडे बघा. जुना डबा-रेग्युलेटर म्हणजे नुसती तारेची गुंडाळी. पंखा एकवर ठेवला की उरलेली वीज डब्यात उष्णता होऊन जायची. हात लावला तर चटका बसायचा, आणि वारा कमी झाला तरी बिल त्या मानाने उतरायचं नाही. नंतर आलेला गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर म्हणजे बहुतांशी डिमरच, तोच ट्रायॅक, तीच उघडझाप. कमी वेगावर पंखा घुमतो तो त्यामुळेच. हल्लीच्या टकटक पायऱ्यांच्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात, म्हणून तो निमूट असतो.

नातं असलं तरी अदलाबदल करू नये. लॅम्पच्या डिमरवर टेबलफॅन, मिक्सर किंवा चार्जर लावायचा नाही.

“आधी बल्ब सांगा”

मुंबईत विजेचं सामान म्हटलं की लोहार चाळ. तिथल्या गल्लीत उभं राहून डिमर मागितला, तर संवाद साधारण असा होतो:

“दादा, लॅम्पला डिमर हवाय. प्लगवाला.”

“बल्ब कुठला लावलाय, साहेब?”

“एलईडी. नऊ वॅट.”

“डिमेबल आहे?”

इथे गिऱ्हाईक गप्प. दुकानदार काउंटरवरचा बल्ब उचलतो, खोक्याची बाजू फिरवून बारीक अक्षरांवर बोट ठेवतो. घरोघरी असतात ते साधे एलईडी बहुतेक डिम होत नाहीत. त्यांच्या पोटातलं सर्किट तुकड्या-तुकड्यांनी येणारी वीज पुरी मानतच नाही. मग बल्ब फडफडतो, एकदम विझतो, नाहीतर अर्ध्या पट्टीपर्यंत ढिम्म हलत नाही. सीएफएल तर डिमरवर लवकर मरतो.

दुसरी अडचण उलटी आहे. जुन्या डिमरला काम करायला किमान 40 वॅटच्या आसपास भार लागतो. पूर्वी तेवढा एकच बल्ब असे. आता 9 वॅटचा एलईडी त्याच्या खिजगणतीतही नाही. म्हणून डिमर एलईडीसाठीचा आणि बल्ब डिमेबल, अशी जोडी जमवावी लागते. फोनवरून मंद होणारा स्मार्ट बल्ब असेल तर डिमर नकोच. स्पर्शाने मंद होणाऱ्या लॅम्पलाही नको. दोन डिमर एकमेकांच्या पायात पाय घालतात.

आणि होल्डर बघायला विसरू नका. आपला नेहमीचा पिनांचा बल्ब बी-22 म्हणजे 22 मिलिमीटरचा. ऑनलाइन मागवलेल्या देखण्या लॅम्पला पुष्कळदा आट्यांचा ई-27 लागतो. त्यातला ‘ई’ एडिसनचा.

लालबुंद संध्याकाळ

ज्यांचं बालपण गावात गेलं, त्यांना डिमर विकत घ्यावा लागला नाही. दिवेलागणीला डीपीवर ताण आला की व्होल्टेज उतरे, बल्बची तार लालबुंद दिसू लागे आणि ट्यूब नुसतीच डोळे मिचकावत बसे. तार कमी तापली की तिचा रंग तांबूस होतो. साधा डिमेबल एलईडी मात्र मंद केला तरी तोच रंग धरून बसतो, त्यामुळे खोली उबदार न वाटता आजारी वाटते. हा माझा आग्रह समजा: थोडे जास्त पैसे मोजून मंद होताना पिवळा होत जाणारा ‘वॉर्म डिम’ बल्ब घ्यावा.

मंद जळण्याचा तारेच्या बल्बला फायदाही होतो. व्होल्टेज दहा टक्के उतरलं, तर उजेड तीस टक्क्यांनी घटतो, पण आयुष्य तिप्पट-चौपट होतं. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात 1901 पासून एक बल्ब जवळजवळ अखंड जळतो आहे. तेज किती, तर साधारण चार वॅटचं. वाचायला उपयोग नाही, पण बघायला लोक येतात.

सामानातून आलेला डिमर

न्यू जर्सीहून येणाऱ्या बहिणीने लॅम्पसह डिमर आणला, तर कौतुक करा पण सॉकेटला लावू नका. तिकडची वीज 120 व्होल्ट. पिना बदलणारा ॲडॉप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्ट बदलत नाही.

तिकडे डिमर असलेल्या दिव्यांनी एकदा चांगलाच हात पोळला होता. 1990च्या दशकात छताकडे उजेड फेकणारे उंच हॅलोजन लॅम्प घरोघर पोचले. त्यांचा बल्ब भयंकर तापे, आणि पडदा टेकला की पेटे. जॅझ संगीतकार लायनेल हॅम्प्टनच्या न्यूयॉर्कच्या घराला जानेवारी 1997 मध्ये अशाच लॅम्पने आग लागली. त्याच वर्षी चार कोटी लॅम्पसाठी संरक्षक जाळ्या फुकट वाटायचं ठरलं.

झोप आणि डोळे

बॉस्टनच्या संशोधकांनी 2011 साली 116 तरुणांवर केलेला अभ्यास सांगतो की, झोपण्यापूर्वी खोलीत नेहमीसारखा उजेड असेल, तर झोपेला बोलावणारं मेलाटोनिन मंद उजेडाच्या मानाने सुमारे दीड तास कमी काळ स्रवतं. त्यांचा मंद म्हणजे तीन लक्सहूनही कमी, जेमतेम वाट दिसेल इतका.

आणि मंद दिव्यात वाचलं की डोळे जातात, हे आजीचं म्हणणं? 2007 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने ते डॉक्टरांनाही खऱ्या वाटणाऱ्या समजुतींच्या यादीत टाकलं. डोळे शिणतात, कोरडे पडतात, कायमचे बिघडत नाहीत. आजीला हे सांगायचं धाडस नसेल, तर पुस्तक उघडताना सरकपट्टी वर करा.