वत्सगुल्मच्या दरबाराने रंगवलेल्या भिंती

हिंगोलीहून वाशीम जेमतेम ५० किलोमीटर. पाचव्या शतकात तिथे, म्हणजे वत्सगुल्मात, वाकाटकांची गादी होती. याच घराण्यातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या वाशीम ताम्रपटात नांदेडकडच्या मुलखातल्या गावाचे दान आहे. वाशीम आणि नांदेड यांच्या मधोमध आपली हिंगोली. म्हणून अजिंठ्याची चित्रे ही आपल्याच मुलखाची मिरास, असे मी मानतो.

अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे याच वत्सगुल्मच्या घराण्यातल्या वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दिले; लेण्यातला शिलालेखच तसे सांगतो. तिथल्या चित्रातली सुंदरी, म्हणजे बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी, पाहावी. नंदाने संन्यास घेतल्याचे कळताच तिची मान खाली गेली आहे, डोळे अर्धे मिटले आहेत, मागून दासीने तिला सावरले आहे. समोर नंदाचा मुकुट घेऊन सेवक उभा आहे. दुःखाची बातमी घरात कशी शिरते, ते इतक्या कमी रेषांत दाखवणारा हात फार मोठा.

या चित्रांखाली आहे ती माती. बारीक खडी आणि भाताचा भुसा कालवून कातळावर गिलावा चढवत, वर चुन्याचा पातळ हात देत, आणि भिंत सुकल्यावर डिंकासारखे चिकट द्रव्य घालून रंग भरत. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती हे सगळे साधे रंग. निळा मात्र अफगाणिस्तानच्या लाजवर्दाचा. एवढ्या लांबून तो आणायचा, तर पाठीशी दरबारच हवा.

दरबाराने रंगवून घेतलेल्या अशा भिंती दूर मेक्सिकोतही आहेत. तिथल्या बोनाम्पाकला माया राजा चान मुवानने इसवी सन ७९०च्या सुमारास तीन दालने रंगवून घेतली. तिथला निळा नीळ आणि पांढरी माती तापवून केलेला. विषय मात्र वेगळा: मिरवणूक, लढाई, पायऱ्यांवर बसवलेले, बोटांतून रक्त ठिबकणारे कैदी. अजिंठ्याच्या दात्याला पुण्य हवे होते, बोनाम्पाकच्या राजाला दरारा. दोन्हीकडे काम अपुरे राहिले. हरिषेणानंतर वाकाटकांची सत्ता ढासळली, अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे भव्य लेणे अर्धेच कोरलेले राहिले. बोनाम्पाकमध्ये नावांसाठी आखलेल्या काही चौकटी कोऱ्याच आहेत.

पुढचे नुकसान मात्र चांगल्या हेतूने झाले. बोनाम्पाकला चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून रॉकेल लावले गेले. अजिंठा निजामाच्या राज्यात असताना १९२०च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांनी रंग टिकावेत म्हणून लाखेचे वार्निश दिले. ते पिवळे पडून काळवंडले. तो थर रंगाला धक्का न लावता उतरवण्याचे काम पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांवर आले.