मार्जारसंपर्कज कवकरोग : एक दुर्लक्षित हेतू

दद्रूच्या रुग्णास आपण आहार, स्वेद, वस्त्रे, सहशय्या यांविषयी विचारतो. घरात मांजर आहे काय, हे सहसा विचारीत नाही. प्रस्तुत लेखकाकडूनही ही चूक घडलेली आहे. आठ वर्षांच्या एका मुलीच्या मानेवरील मंडले तीन वेळा शमून पुन्हा उद्भवली. चौथ्या वेळी ती मांजराचे पिल्लू कुशीत घेऊनच आली, तेव्हा उलगडा झाला. पिल्लाच्या कानामागचे केस गळून तेथे कोंडा धरला होता.

या रोगाचे नेहमीचे कारण मायक्रोस्पोरम कॅनिस. नाव श्वानाचे असले तरी या कवकाचा मुख्य आश्रय मांजर होय. पुष्कळदा मांजराच्या अंगावर काहीच लक्षण दिसत नाही, आणि गळलेल्या केसांतील बीजाणू घरात वर्षभराहूनही अधिक काळ टिकतात. सुश्रुताचार्यांनी कुष्ठास औपसर्गिक रोगांत गणून गात्रसंस्पर्श, सहशय्या, वस्त्र ही संक्रमणाची द्वारे सांगितली आहेत. अंथरुणात झोपणारे मांजर या सर्वच द्वारांनी येते.

याहून गंभीर उदाहरण ब्राझीलचे आहे. स्पोरोथ्रिक्स हे कवक मूलतः माती व कुजक्या वनस्पतींतील. आपल्याकडे हिमाचलातील कांगडा खोरे व ईशान्य भारत येथे काटा रुतून त्याचा संसर्ग होतो. रिओ दि जानेरो येथे मात्र १९९८ पासून तो मांजरांत पसरला व त्यांच्या ओरखड्यांनी, चाव्यांनी हजारो माणसांपर्यंत पोहोचला. त्या जातीस २००७ मध्ये स्पोरोथ्रिक्स ब्राझिलिएन्सिस असे नाव मिळाले. मांजराच्या व्रणात कवकाची संख्या अतोनात असते, श्वानाच्या व्रणात ती अल्प. म्हणून प्रसाराचे काम मांजरच करते. पुढे रोग अर्जेंटिना व पॅराग्वेत आढळला. ब्राझीलमधून ब्रिटनमध्ये नेलेल्या एका मांजरापासून तिघांना बाधा झाली. त्यांत उपचार करणारा पशुवैद्यही होता. ते मांजर तेथे येऊन तीन वर्षे लोटली होती!

हातावर न भरणारा व्रण आणि तेथून वर दंडाकडे ओळीने चढणाऱ्या गाठी दिसल्यास केवळ दुष्टव्रण समजून लेपावर वेळ दवडू नये. कवकसंवर्धन करवून घ्यावे. इट्राकोनॅझोलची चिकित्सा कित्येक महिने चालते. रुग्णास तज्ज्ञाकडे पाठविण्यात वैद्याचा कमीपणा नाही.

औषधविक्रेत्या बंधूंस विशेष विनंती. ग्राहक माणसाचे मलम मांजरासाठी मागतो, तेव्हा ते देऊ नये. स्टेरॉइडमिश्रित मलमाने कंडू थांबतो, कवक मात्र वाढते. माणसाच्या बाबतीतही हेच घडते. मांजर अंग चाटते, म्हणून कर्पूरयुक्त तेले व फिनाइल त्यास विषासमान ठरतात. ‘वनौषधी आहे, अपाय नाही’ हे आपले आवडते वाक्य येथे लागू पडत नाही. पिल्लू पशुवैद्याकडे पाठवावे, अंथरूण-पांघरूण धुवावे, केस रोज झाडून गोळा करावेत आणि घरातील इतर मांजरे व श्वान यांचीही त्याच वेळी तपासणी करवून घ्यावी.