सेनिओच्या बांधावरून

दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेकडे जाणारा शेवटचा दीड किलोमीटर रस्ता मुरमाचा आहे. पावसाळा सरला की त्यावर चार ट्रॉल्या मुरूम टाकायचा आणि ट्रॅक्टर मागे-पुढे फिरवून तो दाबायचा, हे वडिलांच्या काळापासून चालत आले आहे. मी सायकल शिकलो ती याच रस्त्यावर. ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ हे नाव कानावर आले तेव्हा मी आधी त्याचा अर्थ विचारला, आणि खडी-मुरमाच्या कच्च्या रस्त्यांवर सायकल चालवणे हा अर्थ कळल्यावर वाटले, हे तर आपण लहानपणापासून करतो आहोत.

मागच्या सप्टेंबरात, गोडी छाटणीला तीन आठवडे अवकाश असताना, मी इटलीच्या रोमान्या भागात जाऊन आठ दिवस सायकल चालवली. पर्यटक सहसा टस्कनीला जातात. मी सेनिओ नावाची लहानशी नदी निवडली. अपेनाईन डोंगरात उगम पावून, सुमारे ९० किलोमीटर वाहून ती रेनो नदीला मिळते. तेवढ्या अंतरात आधी डोंगर, मग द्राक्षांच्या टेकड्या आणि शेवटी गाळाचे सपाट मैदान असे सगळे भेटते. तीच नदी निवडण्याचे आणखी एक कारण होते. ते पुढे येईल.

आधी सायकलीविषयी. ग्रॅव्हल बाईक लांबून शर्यतीच्या सायकलीसारखी दिसते. हँडल तसेच खाली वळलेले असते, पण चाकाजवळ फ्रेम रुंद असते आणि तिच्यात ४० मिलिमीटरच्या आसपासचे जाड टायर बसतात. डांबरी रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीचा टायर साधारण २८ मिलिमीटरचा. जाड टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, त्यामुळे तो खड्यावर आपटून उडत नाही, खडा पोटात घेऊन पुढे सरकतो. आत ट्यूब नसते. तिच्याऐवजी पातळ चिकासारखे द्रव असते, आणि बारीक काटा घुसला तर ते भोक आपोआप बुजवते. ब्रेक डिस्कचे, गियर चढासाठी हलके. मी दोन्ही टायरांत ३५ पीएसआय हवा ठेवली होती, आणि आठ दिवसांत एकदाही पंक्चर काढावे लागले नाही.

इटलीत या प्रकाराला मान मिळवून दिला तो टस्कनीतल्या गायोले इन कियांती गावाने. तिथल्या चुनखडीच्या पांढऱ्या रस्त्यांना ‘स्त्रादे ब्यांके’ म्हणतात. ते एकेक करून डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा जानकार्लो ब्रोच्ची यांनी १९९७ मध्ये ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू केली. पहिल्या वर्षी ९२ जण आले. सायकल १९८७ पूर्वीच्या बनावटीची हवी, हा नियम तिथे आजही आहे. २००७ पासून त्याच रस्त्यांवर ‘स्त्रादे ब्यांके’ ही व्यावसायिक शर्यत होते आणि सिएनाच्या मुख्य चौकात संपते. ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यतही २०२२ मध्ये इटलीतच, व्हेनेतो प्रांतात झाली. मला यात मोलाचे वाटते ते हे, की गावाचा कच्चा रस्ता हे मागासलेपण नसून जपण्याजोगी संपत्ती आहे, असे कोणीतरी उघडपणे म्हटले आणि लोकांनी ते मानले.

माझी सुरुवात कासोला व्हालसेनिओपासून झाली. तिथून नदीच्या बाजूने खाली उतरलो की रिव्होलाजवळ एक करड्या-पांढऱ्या खडकाची भिंत आडवी येते आणि सेनिओ ती चिरून पलीकडे जाते. ही भिंत जिप्समची आहे. सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचा अटलांटिकशी संबंध जवळजवळ तुटला, पाणी आटत गेले आणि तळाशी जिप्समचे थर बसले. पुढे जमीन उचलली गेली तेव्हा तेच थर डोंगर होऊन उभे राहिले. या कड्यांना आणि त्यांतल्या गुहांना २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. सकाळच्या उन्हात वाटेवरचे खडेसुद्धा काचेसारखे चमकतात. आम्ही बागेला जिप्सम पोत्याने घालतो, जमिनीतला सोडियम कमी व्हावा म्हणून. त्याच जिप्समचा अख्खा डोंगर समोर पाहून मी सायकल उभी केली आणि बराच वेळ तिथेच बसलो.

रिओलो तेर्मेच्या आसपास टेकड्या द्राक्षांनी भरून जातात. २०२० ची जागतिक रोड शर्यत इमोलाला झाली. तिच्यात सायकलपटू जूलियाँ आलाफिलिपने ज्या गालिस्तेर्ना चढावर सगळ्यांना मागे टाकले तो इथलाच. मी तो उतरून, ढकलत आणि पुन्हा चढून पार केला. टेकडीवर लाल सांजोव्हेझे आणि पांढरी आल्बाना, खाली मैदानात त्रेब्ब्यानो, अशी द्राक्षजातींची वाटणी ठरलेली. आल्बाना ही १९८७ मध्ये इटलीचा सर्वोच्च दर्जा मिळवणारी पहिली पांढरी वाईन. तोडणी चालू होती. टेकडीवर माणसे कात्रीने घड कापून क्रेटमध्ये ठेवत होती, तर खाली ओळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून चालणारे उंच यंत्र वेली हलवून मणी गोळा करत होते.

एका बागेच्या कडेला पाणी मागायला थांबलो. मालक सत्तरीच्या घरातले. मीही द्राक्षवाला, हे कळल्यावर ते मला थेट ओळीत घेऊन गेले. आम्ही वर्षातून दोनदा छाटणी करतो, हे त्यांना पटेना. मग मोडक्या इंग्रजीत आणि हातवारे करून सांगितले, की आमच्याकडे वेलीला झोपवणारी थंडी नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून त्या काडीवर माल धरायचा. त्यांची वेल हिवाळाभर निजते, एकच छाटणी पुरते. त्यांनी मला एक जुना मांडव दाखवला, पेर्गोला. आमच्याकडे बहुतेकांनी मांडव मोडून वाय आकाराचे अँगल लावले, त्यांच्याकडेही तारांच्या सरळ ओळी आल्या. तो एक मांडव मात्र वडिलांचा म्हणून त्यांनी ठेवला आहे.

रात्री पाऊस झाला. टेकड्यांवरची माती चिकणी, थेट आपल्या काळ्या जमिनीसारखी. पंधरा मिनिटांत चाक फ्रेममध्ये रुतून थांबले. अशा वेळी जोर लावला तर गियरची जोडणी मोडते. काडीने चिखल खरवडला, सायकल खांद्यावर घेतली आणि खडीच्या रस्त्यापर्यंत चालत गेलो. ओल्या मातीत ग्रॅव्हल बाईकचे काही चालत नाही. पाऊस झाला की खडीचा रस्ता धरावा, नाहीतर जमीन सुकण्याची वाट पाहावी.

कास्तेल बोलोन्येझेच्या खाली प्रदेश बदलतो. नदी मातीच्या दोन उंच बांधांमध्ये कोंडलेली, आणि शेते तिच्या पुराच्या पातळीहून खाली. बांधाच्या माथ्यावरून जाणारी गवताची आणि बारीक खडीची वाट कोतिन्योला, फुझिन्यानो, आल्फोन्सिनेपर्यंत नेते. डावीकडे पीच आणि किवीच्या बागा, उजवीकडे खोल पात्रात हिरवट पाणी. चढ नाही, वाहने नाहीत. मे २०२३ च्या महापुरात हे बांध फुटले होते. जिथे नवी माती भरली आहे तिथे गवताचा रंग अजून वेगळा दिसतो. किवीच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही, आणि काही बागांमध्ये नुसते खांब उभे होते. शेतकऱ्याला ते खांब पाहून काय वाटते, हे गोदाकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही.

आणि आता ही नदी निवडण्याचे ते दुसरे कारण. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ च्या हिवाळ्यात, याच बांधांनी दोस्त राष्ट्रांचे सैन्य अडवून धरले होते. जर्मनांनी बांधांच्या पोटात बिळे खणून मशिनगन बसवल्या होत्या. बाहेर सुरुंग पेरले होते. ९ एप्रिल १९४५ रोजी आठव्या भारतीय डिव्हिजनने सेनिओ ओलांडली. त्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव होते, वय २३. ते कंपनीचे निरोप्या होते. पूर्वेच्या बांधावर चढताना त्यांची तुकडी जवळजवळ कापली गेली. जाधवांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांमधून मागे आणले. मग ते एकटे परत गेले. हाताला जखम होऊन बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबाँब फेकून त्यांनी मशिनगनच्या तीन जागा बंद पाडल्या. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहून शिवाजी महाराजांच्या नावाचा जयजयकार केला आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी फुझिन्यानोजवळ फ्रंटियर फोर्सच्या अली हैदर यांनीही तो मिळवला. नऊ महिने आधी, याच अपेनाईनच्या पलीकडे तिबेर नदीच्या खोऱ्यात, माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस दिला गेला.

हे सगळे मी वाचले होते. तरी बांध किती उभा आहे हे वाचून कळत नाही. पाण्याच्या बाजूने सायकल खांद्यावर घेऊन मी एकदा वर चढलो. गवत ओले, पाय घसरत होते, दोनदा गुडघा टेकला. वर पोहोचल्यावर दम लागला होता. अंगावर माणूस नाही, समोरून गोळी नाही, आणि तरीही. मोटारीतून आलो असतो तर पुलावरून अर्ध्या मिनिटात नदी मागे पडली असती आणि बांध नजरेतही भरला नसता.

आल्फोन्सिने युद्धात जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाले होते. आज तिथे सेनिओच्या लढाईचे संग्रहालय आहे. माझी फेरी मी तिथे संपवली नाही. दुसऱ्या दिवशी फाएन्झाला येऊन तिथून १५ किलोमीटरवरच्या फोर्लीला गेलो. तिथे भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे आणि ज्यांचे दहन झाले त्यांचे स्मारक आहे. नावे दगडावर रोमन लिपीत कोरली आहेत, रेजिमेंटनुसार. मराठा लाइट इन्फंट्रीच्या भागात आडनावे आपल्या शिवारातली.

वाचकांपैकी कोणी त्या बाजूला गेले, तर बोलोन्याहून लोकलगाडी धरा. सायकल गाडीत नेता येते. फाएन्झाला उतरा, सप्टेंबर किंवा एप्रिल पाहा, आणि सेनिओच्या बांधावरून एक दिवस तरी चालवा. फोर्लीसाठी अर्धा दिवस राखून ठेवा, आणि तिथली मराठी नावे मोठ्याने वाचा. त्या दगडांसमोर मराठी क्वचितच बोलली जाते.